सतरा नंबरच्या रगड्याची तब्येत

सांस्कृतिक वारसा या विषयाशी माझा संबंध आला तो सिटी बसच्या पासामुळे. हे मी आजवर कुठल्याही सत्काराच्या भाषणात सांगितलेलं नाही. माझा सत्कार कुणी केलेला नाही, हे त्याचं मुख्य कारण.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायला आलो. मी पोचेपर्यंत कंपनी बंद पडली होती. परत जायचं तर पुण्याच्या स्टेशनवर मित्रांनी गळ्यात हार घालून पाठवलेलं. हार घातलेला माणूस तीन आठवड्यांत घरी आला की लोक त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, कारण आमच्या गल्लीत तसा एक होता आणि ते म्हणणाऱ्यांत मी पुढे असायचो. तेव्हा बसवनगुडीत एक खोली घेऊन राहिलो आणि गावभर नोकरी शोधू लागलो. खोलीतला जोडीदार म्हणाला, "कुठल्याही कोर्सला नाव घाल. विद्यार्थ्याचा पास मिळतो."

विद्यापीठात गेलो आणि सगळ्यांत छोट्या रांगेत उभा राहिलो. रांगेत मी एकटाच होतो. खिडकीच्या आत एक ठेंगणे, पांढऱ्या केसांचे, शर्टाच्या खिशात चार पेनं लावलेले गृहस्थ बसले होते. मी त्यांना कारकून समजलो आणि विचारलं, "काय हो, या कोर्सला पास लवकर मिळतो ना?"

"पासाला पाऊण हजेरी लागते," ते म्हणाले. "नाव सांगा."

पहिल्या तासाला तेच फळ्यासमोर उभे. खात्याला कारकून नव्हता. शिपाई नव्हता. खातंसुद्धा नव्हतं, होता तो एका वर्षाचा पदविका कोर्स, वनस्पतिशास्त्राच्या इमारतीतली एक उसनी खोली आणि हे सर. वर्गात आम्ही सात जण. नंतर कळलं की त्यातले पाच पासासाठी आलेले होते आणि सरांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "त्या रांगेत सगळे पासासाठीच उभे राहतात," ते म्हणायचे. "एखादा राहून जातो."

सर कानडी. आमचं बोलणं कानडी-इंग्रजीच्या काल्यातून चालायचं. इथे मी ते मराठीत लिहितोय. त्यात त्यांची धार बोथट झाली असेल तर ती माझी करणी समजावी. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "एनप्पा, पुणे?" अशी हाक. म्हणजे, काय बाबा पुणे, काय म्हणतोस.

सरांचा एकच ध्यास होता. वारसा जपायचं शिक्षण विद्यापीठात मिळायला हवं, पूर्ण दोन वर्षांची पदवी हवी, कायमचं खातं हवं. त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं: तुमच्याकडे संग्रहालय नाही. संग्रहालयाला इमारत लागते, इमारतीला खातं लागतं, आणि खात्याला संग्रहालय. दुसरा कुणी असता तर बागकामाकडे वळला असता. सरांनी इमारतीशिवाय संग्रहालय काढलं.

त्यांची पद्धत अशी. बसवनगुडीतल्या घराघरांत जायचं, जुनी पण वापरात असलेली एखादी वस्तू निवडायची, घरच्यांच्या परवानगीने तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, वहीत नोंद करायची आणि वस्तू तिथेच ठेवून निघून यायचं. पाणी तापवायचा तांब्याचा बंब न्हाणीघरात राहणार, पाळणा माजघरात. विद्यार्थ्यांनी दर महिन्याला घरी जाऊन वस्तू बघायची आणि तिच्या तब्येतीचा अहवाल छापील फॉर्मवर भरायचा. "वस्तू कपाटात गेली की मरते," सर म्हणायचे. "आपण डॉक्टर. घरी जाऊन नाडी बघायची."

मराठी म्हणून माझ्या वाट्याला आल्या अक्का. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं, आणि त्या मराठी बोलत ती तेव्हापासून दर शंभर वर्षांनी थोडी थोडी कानडी होत आलेली. मी पुण्याचा असल्याने सुरुवातीला त्यांची मराठी सुधारायला गेलो. "स्वल्प भात घे रे," असं त्या म्हणाल्या, की मी म्हणायचो, "थोडा म्हणा, अक्का." त्यावर त्या थोडाच वाढायच्या. दुसऱ्याच भेटीत मी 'स्वल्प'ला मान्यता दिली.

अक्कांच्या परसात रगडा होता. हातभर उंचीचा काळा दगड, मधे खळगा, आणि खळग्यात गोल फिरवायचा दुसरा उभट दगड. इडलीचं पीठ त्यावर वाटायचं. तोच आमचा नंबर सतरा. नंबर घालायला मीच गेलो होतो. वस्तूचा नंबर तळाला, नखाएवढा घालायचा, असं सरांनी शिकवलं होतं. पण दगड उलटा करणं मला जमलं नाही, आणि हातात चांगला चार बोटं रुंद ब्रश होता. मी दर्शनी बाजूला वीतभर उंचीचा १७ काढला. वर थोडी सावलीही दिली. अक्का म्हणाल्या, "बसची पाटी झाली की रे ही."

आता माझा गुन्हा सांगतो.

पहिल्या महिन्यात मी रगडा पाहिला. दुसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा अक्कांनी दारातच विचारलं, "ऊटा झालं?" जेवण झालेलं नव्हतं, माझं तेव्हा कधीच झालेलं नसायचं. पानात इडल्या आल्या, हुळी, म्हणजे इकडचं सांबार, आली, कोशिंबीर आली. जेवल्यावर परसात जायचं म्हणजे ऊन, आणि पोट भरलेलं. मी बसल्या जागी विचार केला. रगडा कशासाठी? इडलीसाठी. इडली कशी आहे? मऊ आहे. मग रगडा बराच असणार! शास्त्रात याला अप्रत्यक्ष पुरावा म्हणतात. मी फॉर्मवर लिहिलं: "स्थिती चांगली. वापर नियमित."

पुढे मी परसात कधी गेलोच नाही. इडल्या खायचो आणि दगडाची तब्येत लिहायचो. गणपतीनंतरच्या भेटीत इडल्या फारच हलक्या लागल्या, जणू कापूस. मी प्रामाणिकपणे लिहिलं: "स्थितीत सुधारणा." दसऱ्यानंतर आणखी हलक्या. लिहिलं: "स्थितीत लक्षणीय सुधारणा." गणपतीनंतरच्या त्या भेटीत अक्का वाढता वाढता तीनदा म्हणाल्या होत्या, "तो तुझा दगड ने की रे बाबा, मागच्या दारात पडून आहे." मी तोंडात घास धरून तिन्ही वेळा म्हणालो, "सरी, अक्का, सरी." म्हणजे, बरं बरं. त्या म्हणाल्या ते मला ऐकू येत होतं, समजतही होतं. फक्त त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटत नव्हतं.

फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती आली. कोर्सची पदवी करायची की कोर्स बंद करायचा, हे ती एका दिवसात ठरवणार होती. सरांची निवृत्ती सव्वा वर्षावर होती; यानंतर पुन्हा समिती यायची नाही, हे आम्हालाही कळत होतं. त्या दिवशी सरांच्या खिशाला पाच पेनं होती.

अध्यक्ष सफारी सूटमधले, उंच, बारीक, आणि चष्म्याच्या वरून बघणारे. बरोबरचे दोन सदस्य दिवसभर माना हलवण्यापलीकडे काही करत नव्हते. अध्यक्षांनी आमच्या अहवालांची फाइल उघडली, पानं उलटली आणि एका जागी थांबले.

"मी रसायनशास्त्राचा माणूस," ते म्हणाले. "दगड झिजतो, तडकतो, हे मला माहीत आहे. नंबर सतरा हा दगड मात्र सुधारतो आहे. गणपतीनंतर सुधारला. दसऱ्यानंतर लक्षणीय सुधारला. मला बाकी काही दाखवू नका. हा दगड दाखवा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

विद्यापीठाच्या व्हॅनमधून आम्ही बसवनगुडीत पोचलो. अक्का दारातच होत्या. मी धीर करून परसात शिरलो. रगड्याच्या जागी कोथिंबीर लावलेली होती.

"अक्का, रगडा?"

"आत्ता विचारतोस होय? तेव्हा तीनतीनदा सांगितलं मी! गणपतीला लेकाने विजेचं यंत्र आणलं. दगड मागच्या दारात ठेवला. तू कुठे नेतोयस? शेवटी दसऱ्याआधी रिक्षावाल्याला दिला."

"दिला?"

"त्याची रिक्षा उतारावरून मागे सरायची. चाकाला लावायला दगड हवा होता. मागच्या सीटवर बसवून घेऊन गेला बघ."

मी हे सगळं अध्यक्षांसाठी इंग्रजीत केलं. भाषांतरात थोडं वजन कमी करता येईल असं वाटलं होतं, पण दगड तो दगडच. सरांनी फक्त वही मिटली आणि काखेत धरली.

रिक्षास्टँड कोपऱ्यावरच, उताराच्या तोंडाशी, पिंपळाखाली. नंबर सतरा शोधावा लागला नाही. तो पिंपळाच्या बुंध्याशी उभा होता. खळग्यातला दगड खळग्यातच, पण उभा केलेला. त्याला हळदीकुंकू, जास्वंद, शेवंतीचा हार. पुढ्यात दिवा. आणि दर्शनी बाजूला माझा १७, सावलीसकट, नव्याकोऱ्या पांढऱ्या ऑइलपेंटने गिरवलेला. कडेला कुणीतरी लाल रेघही मारली होती. माझं अक्षर इतक्या आदराने कुणी आजवर वागवलं नव्हतं.

"नमस्कारा, मेष्ट्रे," एक म्हातारा ड्रायव्हर सरांना म्हणाला. मास्तरांना इकडे तसं म्हणतात. मग अध्यक्षांकडे वळून, "चप्पल तिकडे काढा, सर."

अध्यक्षांनी बूट काढले. काढल्यावर त्यांना आपण ते का काढले असं वाटलेलं दिसलं, पण तोवर मोज्यांवर उभे होते.

"ही विद्यापीठाची वस्तू आहे," ते म्हणाले.

"असेल, सर. न्यायला कुणी आलं नाही."

"हा कोणता देव?"

"ते अजून ठरलेलं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "चाकाला लावायला आणला होता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी एक रिकामी रिक्षा आपोआप सुटली, थेट फुलवाल्या बायकांच्या टोपल्यांकडे. याला येऊन थटली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी आयुधपूजेला आम्ही रिक्षांबरोबर यालाही कुंकू लावलं, कोहळा फोडला. तेव्हापासून आहे."

"आणि हा आकडा?"

"तो त्याच्या अंगावर आलेलाच आहे, सर. आम्ही फक्त पुसू देत नाही."

"हा उचला. व्हॅनमध्ये ठेवा."

"तुम्ही उचला, सर. आम्ही हात लावणार नाही."

अध्यक्षांनी व्हॅनच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. विद्यापीठाचा पगारी माणूस. तो केव्हाच दगडापुढे हात जोडून झाला होता आणि आता बोटावरचं कुंकू व्हॅनच्या स्टिअरिंगला लावत होता.

मग अध्यक्षांनी फाइल उघडली आणि अगदी शांतपणे विचारलं, "प्रोफेसर, हे अहवाल कुणाचे?"

"सगळ्यांवर माझी सही आहे," सर म्हणाले.

"तुम्ही हा दगड पाहत होतात?"

"सही माझी आहे," सर पुन्हा म्हणाले.

तिथेच सगळं संपत होतं. कित्येक वर्षांचे अर्ज, ती उसनी खोली, पाच पेनं, सगळं माझ्या त्या दोन ओळींवर येऊन थांबलं होतं. मला गप्प राहता आलं असतं. पास मार्चपर्यंतचा होता. पण सर माझ्याकडे बघतही नव्हते, आणि ते मला सोसवेना. एक सणसणीत शिवी दिली असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

"सर," मी अध्यक्षांना म्हणालो, "यांनी नाही. मी लिहिलं. मी दगड पाहिलाच नाही. मी इडल्या पाहिल्या."

"काय पाहिलं?"

"इडल्या. पाहिल्या म्हणजे खाल्ल्या. त्या मऊ होत्या म्हणून दगड चांगला असं लिहिलं. नंतर जास्त मऊ झाल्या म्हणून सुधारणा लिहिली."

रिक्षावाले हसू लागले. दोन सदस्यांपैकी एकाने आयुष्यात पहिल्यांदा मान न हलवता तोंड उघडलं: "पद्धत चूक आहे, पण पद्धत आहे."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मोज्यांवर उभ्या उभ्या फाइल मिटली आणि ते म्हणाले, "मला त्या इडल्या बघायच्या आहेत."

मिरवणूक परत अक्कांकडे. अक्कांना मी सांगितलं की हे मोठे साहेब तुमच्या इडल्यांची तपासणी करणार आहेत. त्या म्हणाल्या, "तपासू देत की. बसा. ऊटा झालं?" समितीचंही झालं नव्हतं.

अध्यक्षांनी एक तुकडा मोडला. चटणी लावली नाही, हुळी घेतली नाही. डोळे मिटून चावला. मग दुसरा. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"यंत्राची आहे," ते म्हणाले.

"मग? सांगितलंच की मी," अक्का म्हणाल्या.

"दगडावरच्या इडलीला कणी असते, बारीक. जिभेला लागते. माझी आई—" ते थांबले. "यात कणी नाही. ही नुसती मऊ आहे. याला तुम्ही सुधारणा म्हणालात?" हे मला.

"तुमच्या आईचा खांदा कसा होता?" अक्कांनी विचारलं. मी भाषांतर करायला कचरलो, पण त्यांनी तेच कानडीत सांगितलं. "माझा हा उजवा वर जात नाही. बघा. एवढाच जातो. चाळीस वर्षं तो दगड फिरवला. कणी हवी म्हणे! यंत्र आलं त्या दिवशी मी देवाला पेढे ठेवले. ते कुणी लिहिलंत का तुमच्या कागदावर?"

अध्यक्षांनी इडलीचं ताट खाली ठेवलं. सरांनी खिशातून एक पेन काढलं, काखेतल्या वहीतून एक कोरा फॉर्म काढला आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं.

"भर, पुणे. आत्ता भर. विचारून."

मी जमिनीवर मांडी घालून फॉर्म भरायला घेतला. पूर्वीचा वापर: पीठ वाटणे. तो का थांबला: खांदा. खांद्याबद्दल अक्कांनी सांगितलं ते सगळं लिहिलं. रकाना पुरेना म्हणून मागच्या बाजूला गेलो. सध्याचं ठिकाण: रिक्षास्टँड, पिंपळाखाली. सध्याचा वापर: इथे अडलो. तेवढ्यात दारातून म्हातारा ड्रायव्हर, जो चप्पल काढून आत येऊन उभा होता आणि ज्याला अक्कांनी कधीच पान वाढलं होतं, तो म्हणाला, "पहिलं भाडं मिळायच्या आधी दिवा लावतो, ते लिही. उतारावर गाडी लावताना त्याच्याकडे बघतो, ते पण लिही."

लिहिलं. अध्यक्षांनी फॉर्म घेतला, दोन्ही बाजू वाचल्या आणि न विचारता चटणी घेतली. "सर," ते आमच्या सरांना पहिल्यांदाच सर म्हणाले, "हा एक अहवाल खरा आहे. बाकी सहा कचरा आहेत."

"मान्य," सर म्हणाले.

"असे किती जण लिहू शकतील?"

"दोन वर्षं दिलीत तर सगळे," सर म्हणाले. "एका वर्षात फक्त इडल्यांपर्यंत येतात."

पत्र एप्रिलमध्ये आलं. पदवी मंजूर, एका अटीवर: तब्येतीच्या फॉर्ममध्ये अगदी वर एक नवा रकाना छापावा, "वस्तू प्रत्यक्ष पाहिली का?", आणि तो भरल्याशिवाय खालचं काही वाचू नये. तो रकाना माझ्यामुळे आहे. विद्यापीठाच्या इतिहासात माझं योगदान एवढंच, पण छापील आहे.

सरांनी मला रागावून काहीच म्हटलं नाही. पदवीच्या पहिल्या तुकडीत माझं नाव त्यांनी मला न विचारताच घातलं. नोकरी शोधायला वेळ मिळणार नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "पास दोन वर्षांचा मिळेल." आणि दर महिन्याला नंबर सतरा बघायची शिक्षा माझ्याकडेच ठेवली. बूट काढून, मोज्यांवर.

पुढच्या वर्षी, निवृत्तीच्या दिवशी, त्या उसन्या खोलीत निरोपाची भाषणं झाली. मी त्या सकाळी दगडाकडे जाऊन उशिरा पोचलो. सरांनी व्यासपीठावरूनच, कुलगुरूंचं भाषण चालू असताना, मला बोटाने जवळ बोलावलं.

"एनप्पा, पुणे. इडली खाल्लीस?"

"नाही, सर. आधी दगड पाहिला."

"मग?"

रिक्षावाल्यांनी त्या आठवड्यात वर्गणी काढून दगडाभोवती न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशांचा चौथरा बांधला होता, वर पत्र्याचं छप्पर घातलं होतं, आणि आता १७ आकड्याला दोन्हीकडून लाल रेघ होती. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. सरांनी सगळ्यांत वरचा रकाना आधी बघितला. मग खालची ओळ वाचली, आणि त्यांचे खांदे हलू लागले. कुलगुरूंना वाटलं, भाषणाने सद्गदित झाले.

मी लिहिलं होतं: "स्थितीत लक्षणीय सुधारणा."